नगररचना खातं पलंगवाल्याकडे द्या

आमची सूचना साधी आहे. ग्रामीण रुग्णालय, तहसील कचेरी, न्यायालय, एसटी स्थानक आणि जमलंच तर विमानतळ, यांच्यासाठी जागा ठरवण्याचं काम राज्य सरकारने स्वतःकडून काढून घ्यावं आणि पलंग-कपाटं विकणाऱ्या एखाद्या मोठ्या दुकानदाराकडे सोपवावं. त्यासाठी विधेयक नको, घटनादुरुस्ती नको. एक शासन निर्णय पुरे, आणि शासन निर्णय काढण्यात आपलं सरकार कुणाला हार जात नाही. ज्यांना हे ऐकून हसू आलं असेल त्यांनी आयकिया या स्वीडिश कंपनीने भारतातलं पहिलं दुकान कुठे थाटायचं हे कसं ठरवलं ते पाहावं, मग आपल्या तालुक्याच्या रुग्णालयाची जागा कशी ठरली ते आठवावं, आणि पुन्हा एकदा हसून दाखवावं.

या कंपनीने २०१२ साली केंद्र सरकारकडे अर्ज केला. साडेदहा हजार कोटी रुपये आणू, पंचवीस दुकानं काढू, असा तो प्रस्ताव होता. सरकारने आपल्या रिवाजाप्रमाणे आधी खोट काढली. खुर्च्या विका, पण दुकानात खानावळ चालवायची नाही, असं सुरुवातीला सांगण्यात आलं. खाल्ल्याशिवाय खरेदी होत नाही हे तुळशीबागेतल्या कुठल्याही गिऱ्हाइकाने सांगितलं असतं, दिल्लीला ते पटायला थोडा वेळ लागला आणि २०१३ मध्ये सगळी परवानगी मिळाली. पहिलं दुकान उघडलं ते मात्र ९ ऑगस्ट २०१८ रोजी, हैदराबादला. मधल्या काळात ही मंडळी काय करत होती? लोकांच्या घरी जात होती. सुमारे हजारभर भारतीय घरांत जाऊन त्यांनी पाहिलं की माणसं झोपतात कुठे, गाद्या दिवसा कुठे जातात, स्वयंपाकघरात डबे कुठे ठेवतात आणि सोफ्यावर पाहुणा नसतो तेव्हा कोण बसतं. आपल्याकडे इतक्या घरांत एकतर जनगणनेचे गुरुजी जातात नाहीतर उमेदवार, आणि उमेदवाराला गादीशी काही देणंघेणं नसतं. त्यानंतर जागा. तेलंगण राज्य जून २०१४ मध्ये जन्माला आलं आणि ऑगस्टमध्ये त्याने या कंपनीशी करार करून टाकला. हायटेक सिटीतली तेरा एकर जागा ठरली, कारण नव्याने संसार मांडणारी, दर महिन्याला पगार होणारी मंडळी तिथेच आसपास फ्लॅट घेत होती. शेजारचं रायदुर्ग मेट्रो स्थानक सुरू झालं ते दुकानानंतर सव्वा वर्षाने. दुकानदाराने मेट्रोचा आराखडा खरा मानला, ही गोष्ट ज्यांनी आराखडा केला त्यांनाही नवल वाटावी अशी आहे. पहिल्याच दिवशी चाळीस हजारांच्या आसपास माणसं लोटली, रस्ते तुंबले, आणि ९९ रुपयांच्या बिर्याणीसाठी रांग लागली.

आता आपल्या घराजवळचं उदाहरण. महाराष्ट्रातलं पहिलं दुकान डिसेंबर २०२० मध्ये उघडलं आणि मुंबईकर त्याला मुंबईचं दुकान म्हणत असले तरी ते आहे नवी मुंबईत, तुर्भ्याला, ठाणे-बेलापूर रस्त्यावर, एमआयडीसीच्या जुन्या कारखान्यांच्या पट्ट्यात. क्षेत्रफळ ५ लाख ३० हजार चौरस फूट. मुंबईत झोपडपट्टी पुनर्वसनात मिळणारं घर ३०० चौरस फुटांचं असतं. म्हणजे एका दुकानाच्या पोटात अशी साडेसतराशेहून जास्त घरं मावतील. मुंबईकराला जागा नाही म्हणून तो भिंतीत मिटणारा पलंग शोधतो, आणि तो पलंग मांडून दाखवायला लागणारी जागा मुंबईत नाही म्हणून त्याला खाडी ओलांडावी लागते. आत गेल्यावर जमिनीवर बाण काढलेले असतात आणि गिऱ्हाईक बाणांच्या दिशेने निमूट चालत राहतं. वाटेत खोल्या लागतात: एवढ्याशा खोलीत पलंग, पलंगाखाली खण, खणात पांघरुणं, दाराच्या मागे इस्त्रीची घडीची फळी, खिडकीला पडदा, आणि पडद्यामागे शेजाऱ्याचं एसीचं यंत्र नाही. कुटुंबं त्या पलंगावर बसून बघतात, कपाटाची दारं उघडझाप करतात, सासूबाई ओट्याची उंची मनातल्या मनात मोजतात. शेवटी खालच्या गोदामातून खोक्यातला पलंग आपणच काढायचा, आपणच गाडीत घालायचा आणि घरी जाऊन आपणच जोडायचा. एवढं करून घेणारा दुकानदार जागेच्या बाबतीत बावळट असणार नाही, हे उघड आहे. तुर्भ्याला लोकलचं स्थानक आहे, मुलुंडकर ऐरोलीच्या पुलावरून येतो, चेंबूरकर वाशीच्या पुलावरून, ठाणेकर आणि पनवेलकर सरळ रस्त्याने. जमीन वरळीच्या मानाने स्वस्त, गाड्या लावायला मोकळं रान. नकाशावर चार दिशांनी येणाऱ्या माणसांच्या वाटा काढायच्या आणि त्या जिथे मिळतात तिथे खुंटी ठोकायची, एवढं ते शास्त्र आहे.

इथे जाणकार वाचक बोट वर करील, आणि त्याचा आक्षेप वजनदार आहे. हे पूल, ही लोकल, हा रस्ता दुकानदाराने बांधला का? मुळीच नाही. खाडीपलीकडे जुळं शहर वसवावं ही कल्पना १९६०च्या दशकात चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी मांडली. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली, शेतकऱ्यांच्या जमिनी घेतल्या गेल्या, १९९२ मध्ये मानखुर्दहून लोकल वाशीला पोचली, आणि त्या रेल्वेचा दोन तृतीयांश खर्च सिडकोनेच उचलला. पन्नास वर्षं सार्वजनिक पैसा ओतल्यावर हा पाहुणा आयत्या पिठावर रेघोट्या ओढायला आला, असं कुणी म्हटलं तर ते खोटं नाही. पण मग प्रश्न असा की पीठ ज्याने दळलं तो का आला नाही? मूळ आराखड्याचा सगळा डोलारा एका गृहीतकावर उभा होता: सरकारने आपल्या कचेऱ्या खाडीपलीकडे हलवायच्या, नोकऱ्या तिकडे गेल्या की माणसं आपोआप जातील आणि मुंबईचा श्वास मोकळा होईल. प्रत्यक्षात त्याच सुमारास समुद्रात भर घालून नरिमन पॉइंट उभं राहिलं आणि मंत्रालय जिथल्या तिथे राहिलं. बेलापूरला कोकण भवन दिलं, तेवढ्यावर बोळवण झाली. कांदा-बटाटा हलवला, भाजी हलवली, फळं हलवली, लोखंड कळंबोलीला हलवलं. ज्याला ज्याला हुकूम करता येतो त्या प्रत्येकाला खाडीपार केलं, आणि हुकूम काढणारा मात्र समुद्राची हवा खात बसला. कांद्याला जे जमलं ते सचिवांना का जमू नये, हा प्रश्न विधिमंडळात लक्षवेधीच्या रूपाने यायला हरकत नव्हती. थोडक्यात, सरकारने जाहीर केलेल्या योजनेवर पूर्ण विश्वास ठेवून, कुणी हुकूम न करता, स्वतःचे पैसे घालून खाडीपार गेलेल्यांत हा पलंगवाला ठळकपणे उठून दिसतो. आणि वेगाचं म्हणाल, तर बेलापूर ते पेंधर या अकरा किलोमीटरच्या मेट्रोचं भूमिपूजन २०११ मध्ये झालं आणि ती २०२३च्या नोव्हेंबरात, उद्घाटनाचा सोहळासुद्धा न होता, धावू लागली. भूमिपूजनाला जे नेते होते त्यांचे मधल्या काळात पक्ष बदलले, पक्षांची चिन्हं बदलली. स्थानकांचे खांब तेवढे निष्ठेने उभे होते.

आता सरकारची पद्धत बघू. उदाहरण कुठल्याही तालुक्याचं घ्या, नाव घेण्याची गरज नाही, प्रत्येकाला ते आपलंच वाटेल. ग्रामीण रुग्णालय मंजूर होतं. आरोग्य खातं जिल्हाधिकाऱ्यांना जागा मागतं, जिल्हाधिकारी तहसीलदारांना, तहसीलदार तलाठ्याला. तलाठी सातबारे उलगडून बसतो आणि कब्जेदाराच्या रकान्यात ‘सरकार’ लिहिलेला गट शोधतो. असा गट गावात कधीच नसतो. गावातली सरकारी जागा केव्हाच कुणाच्या तरी व्यायामशाळेला, पतसंस्थेला नाहीतर पुतळ्याला गेलेली असते. उरतं ते गायरान, ओढ्यापलीकडे, माळावर, जिथे गुरंसुद्धा पावसाळा सोडून जात नाहीत. प्रस्तावात ‘दळणवळणाची सोय’ असा रकाना असतो, त्यात ‘रस्ता आहे’ असं लिहिलं जातं. ते खरंही असतं, रस्ता रुग्णालयापर्यंत जातोच, एसटी जात नाही. मग मोजणी, कुंपणाची भिंत, कमान, कमानीवर मान्यवरांची नावं. इमारत झकास होते. रुग्णालयात खाट आहे, खाटेवर चादर आहे, फक्त रोगी अजून फाट्यावर वडापची जीप भरण्याची वाट बघतोय.

सरकारी बाजूचं म्हणणं असं, की बाबांनो, गावातली जमीन विकत घ्यायला पैसा कुठून आणायचा? २०१३च्या भूसंपादन कायद्यानंतर ग्रामीण भागात मोबदला बाजारभावाच्या चौपटीपर्यंत जाऊ शकतो. गायरान फुकट आहे. यावर आपण दुकानदाराच्या पद्धतीने हिशेब करू. समजा, फाट्यापासून रुग्णालयापर्यंत जाऊन-येऊन वडापचे चाळीस रुपये पडतात आणि दिवसाला दोनशे माणसं येतात. दिवसाचे आठ हजार, वर्षाचे तीनशे दिवस धरले तर चोवीस लाख, दहा वर्षांत दोन कोटी चाळीस लाख. एवढ्यात स्टँडाशेजारची एकरभर जागा चौपट मोबदला देऊनसुद्धा बऱ्याच तालुक्यांत येईल. ही फुकटची जमीन दहा वर्षांत तालुक्याला महाग पडते, पण हे पैसे रक्तदाबाच्या गोळ्या आणायला निघालेल्या म्हाताऱ्याच्या कनवटीतून, वीस-वीस रुपयांनी, सुट्टे जातात, म्हणून ते कुठल्याही अंदाजपत्रकात दिसत नाहीत आणि महालेखापालांच्या अहवालातही येत नाहीत. आमच्या सूचनेचं सगळं मर्म इथे आहे. पलंगवाल्याने जागा चुकवली तर गिऱ्हाईक येत नाही आणि तोटा त्याच्या वहीत पडतो. सरकारने जागा चुकवली तरी गिऱ्हाईक येतंच, कारण साप चावलेला माणूस दुसरं दुकान बघायला जात नाही. मग अधिकाऱ्याला जागा चुकल्याचं कळणार कसं? आणि कळेपर्यंत त्याची बदली झालेली असते.

कुणी म्हणेल, दुकानदारही चुकतात. चुकतातच, आणि त्यांच्या चुका जास्त शिकवतात. आयकियाचं पहिलं दुकान १९५८ साली एल्महुल्ट नावाच्या स्वीडनमधल्या खेड्यात निघालं, कारण संस्थापक इंग्वार काम्प्राद यांचा धंदा तिथेच होता. त्यात शास्त्र वगैरे काही नव्हतं. स्टॉकहोमचं दुकान १९६५ मध्ये काढताना मात्र त्यांनी शहराबाहेर, हमरस्त्याच्या कडेला जागा घेतली. त्याच वर्षी स्वीडनच्या सरकारने दहा वर्षांत दहा लाख घरं बांधण्याचा कार्यक्रम हाती घेतला होता, आणि नव्या घराला कपाट लागतंच. स्टॉकहोमच्या त्या दुकानाजवळच्याच वळणावर १९४६ साली राजे पाचवे गुस्ताव यांची मोटार घसरून खड्ड्यात गेली होती. (आपल्याकडे मंत्र्यांच्या गाड्यांचे खड्डे हे दुकानाच्या जागेचं लक्षण मानलं असतं तर एव्हाना राज्यभर शाखा झाल्या असत्या.) पुढे हीच ‘शहराबाहेर जा’ पद्धत सोडून त्यांनी इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीला ऐन शहरात दुकान थाटलं. २००७ मध्ये उघडलं, गणित बसेना, २०२० मध्ये बंद केलं. तुर्भ्याला येणं सगळ्या मुंबईकरांना जमत नाही हे ध्यानात घेऊन २०२१ च्या डिसेंबरात वरळीला छोटं दुकान काढलं. बंगळुरूला २०२२ मध्ये दुकान घातलं ते मेट्रोच्या नागसंद्र स्थानकाला खेटून. चूक झाली की हिशेब, हिशेब झाला की बदल. आपल्याकडे माणसं पोचत नाहीत म्हणून एखादी सरकारी कचेरी बंद करून पोचतील तिथे नेली, असं उदाहरण ज्याला माहीत असेल त्याचा नागरी सत्कार व्हावा, आणि तो सत्कार लोक पोचतील अशा सभागृहात व्हावा.

पुण्याच्या विमानतळाचीच कथा घ्या. लोहगावचा तळ हवाई दलाचा, म्हणून नवा हवा. तो चाकणला होणार होता, मग खेड-राजगुरुनगरला होणार होता, २०१६ मध्ये पुरंदरला ठरला, गावकरी रस्त्यावर उतरले, मग पुरंदरमध्येच जरा पलीकडे सरकवायचा घाट घातला गेला, संरक्षण खात्याने नकार दिला, आणि स्वारी फिरून मूळ जागी आली. या काळात एक पिढी शाळेतून निघून, इंजिनिअर होऊन, लोहगावहूनच विमान पकडून अमेरिकेत गेली. चाकण मात्र रिकामं राहिलं नाही. आयकियाने आपलं मोठं वितरण केंद्र, म्हणजे गोदाम, तिथेच टाकलं. ज्या चाकणवर विमानं उतरायची होती तिथे कपाटांची खोकी उतरली, आणि तेवढ्यासाठी कुणाला उपोषणाला बसावं लागलं नाही.

आमच्या सूचनेला सर्वांत अडचणीचा आक्षेप वेगळाच आहे, आणि तो झटकून टाकता येत नाही. दुकानदार माणसं मोजत नाही, पाकिटं मोजतो. हायटेक सिटी त्याला दिसली, त्याच तेलंगणातले आदिलाबादचे पाडे दिसले नाहीत. त्याच्या हाती रुग्णालयाची जागा दिली तर मोखाड्यासारख्या आदिवासी तालुक्याच्या वाट्याला काय येईल? बरोबर आहे. पण मोखाड्याच्या वाट्याला आज काय आलंय तेही बघा. ऑगस्ट २०१४ मध्ये ठाणे जिल्हा फोडून पालघर जिल्हा केला, तो आदिवासी भागाला न्याय मिळावा म्हणून. मुख्यालय जव्हारला असावं, असा डोंगरातल्या लोकांचा आग्रह होता. ठरलं पालघर, कारण तिथे रेल्वे आहे, सपाटी आहे, आणि सिडको मोकळ्या जमिनीच्या बदल्यात कचेऱ्या बांधून द्यायला तयार होती. ठाण्यापेक्षा पालघर बरं, हे मान्य. पण मोखाड्याचा माणूस आजही दाखल्यासाठी घाट उतरतो. रेल्वे, सपाटी, जमीन: एखाद्या पलंगवाल्याला विचारलं असतं तर त्यानेही हीच उत्तरं दिली असती. मग गरिबांचा कैवार घेणारं सरकार आणि नफ्यासाठी बसलेला दुकानदार जर एकाच ठिकाणी बोट ठेवणार असतील, तर दुकानदार निदान गाड्या लावायची सोय करील, चहा स्वस्तात देईल आणि जमिनीवर बाण काढील. मुख्यालयात आजवर कुणाला कुठल्या टेबलाकडे जायचं याचा बाण दिसलेला नाही, ती माहिती वेगळ्या मार्गाने काढावी लागते.

पलंगवाल्यामुळे सुतारांचं काय होणार, ही काळजी खरी आहे, पण ती या विषयात बसत नाही. उल्हासनगरचा फर्निचर बाजार आणि ओशिवऱ्याचं मार्केट अजून गजबजलेलं आहे, आणि खोक्यातला पलंग जोडता न आल्यामुळे सुताराला बोलावणारी घरं वाढताहेत असं ऐकतो. राहिला स्वाभिमानाचा मुद्दा: महाराष्ट्राच्या जागा परदेशी कंपनीने ठरवायच्या का? नको असेल तर स्वदेशी पर्याय तालुक्या-तालुक्यात हजर आहे. एसटी कुठे थांबते, वडाप कुठे भरतं, बाजाराच्या दिवशी कुठल्या झाडाखाली माणसं टेकतात आणि सासरहून आलेली लेक कुठे उतरून पाणी पिते, हे कसलीही पाहणी न करता ज्याला ठाऊक असतं, त्या चहाच्या टपरीवाल्याला नेमावं. त्याची जागा कधी चुकत नाही. चुकली तर दुसऱ्या दिवशी तो स्टोव्ह उचलून दहा पावलं सरकतो, शुद्धिपत्रक काढत नाही. त्याला वेतन आयोग लागू करा, सहीचा शिक्का द्या. फक्त नेमणुकीचा आदेश त्याच्या हातात पडण्याआधी, त्याच जागेवरून त्याला उठवण्याची जी नोटीस अतिक्रमण विभागाने गेल्या आठवड्यात बजावली आहे, ती तेवढी मागे घ्यावी लागेल.